फसलेलं प्रॅक्टिकल आणि रंगवलेला उंदीर : प्रतिकारशक्तीच्या एका प्रयोगशाळेची गोष्ट



मागच्या व्याख्यानात आपण जेन्नरची देवीची लस आणि पाश्चरचा कोंबड्यांच्या कॉलऱ्यावरचा प्रयोग, इथपर्यंत येऊन थांबलो होतो. शेवटी एका श्रोत्याने विचारलं होतं, "लस टोचली की शरीरात नेमकं कोण कामाला लागतं?" मी तेव्हा म्हटलं होतं की याला एक आख्खं व्याख्यान लागेल. तर ते आज.

सुरुवात मात्र पोल्ट्रीच्या शेडमधून करू. तुमच्यापैकी कोणाची पोल्ट्री असेल, किंवा घरात कोणी केली असेल, तर 'गंबोरो' हा शब्द तुम्हाला नवा नाही. मानमोडीसाठी लासोटा आणि पिल्लं साधारण दोन आठवड्यांची झाली की गंबोरोची लस, हे वेळापत्रक पोल्ट्रीवाल्याला पाठ असतं. गंबोरो हे अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या एका ठिकाणाचं नाव. तिथल्या कोंबड्यांमध्ये हा रोग ओळखला गेला आणि १९६२ साली त्याचं वर्णन छापून आलं. या रोगात पिल्लं मरतात हे तर झालंच. पण जी वाचतात त्यांचं काय? त्यांना पुढे मानमोडीची लस नीट लागूच पडत नाही. लस दिली, पैसे गेले आणि मरतुक तरी सुरूच. असं का होतं? तर गंबोरोचा विषाणू पिल्लाच्या शेपटीच्या बाजूला, आतल्या अंगाला असलेली एक छोटीशी पिशवी नासवतो. तिचं नाव बर्सा.

ही पिशवी काय काम करते ते जगाला कळलं एका विद्यापीठातल्या फसलेल्या प्रॅक्टिकलमधून. आणि त्या फसण्यातून पुढे जे उलगडत गेलं, त्यावर आज आपल्या रक्ताच्या कॅन्सरच्या वर्गीकरणापासून बोन मॅरो ट्रान्सप्लान्टपर्यंत बरंच काही उभं आहे. या गोष्टीत मोठे प्राध्यापक आहेत, पण जास्त करून विद्यार्थी आहेत. म्हणून आजचा विषय मी असा मांडणार आहे: संशोधन कसं झालं आणि संशोधन करायला माणसं कशी शिकली, हे दोन्ही एकत्र.

पदुआची पिशवी

आधी जरा मागे जाऊ. इटलीतलं पदुआ विद्यापीठ. सोळाव्या शतकाच्या अखेरीला तिथे फाब्रिसियस नावाचा शरीररचनेचा प्राध्यापक होता. त्याच्या काळात तिथे शवविच्छेदन दाखवण्यासाठी एक गोल, पायऱ्यापायऱ्यांचं लाकडी सभागृह बांधलं गेलं. ते आजही पाहायला मिळतं. विल्यम हार्वे, ज्याने पुढे रक्ताभिसरण शोधलं, तो याच फाब्रिसियसचा विद्यार्थी.

फाब्रिसियसने अंड्यातून पिल्लू कसं घडतं याचा अभ्यास केला. पुस्तक छापून आलं १६२१ साली, म्हणजे तो वारल्यानंतर दोन वर्षांनी. त्यात या पिशवीचं वर्णन आहे. पक्ष्यांमध्ये विष्ठा, मूत्र आणि अंडं या सगळ्यांना बाहेर पडायला एकच वाट असते. त्या वाटेच्या वरच्या बाजूला ही पिशवी. फाब्रिसियसचा अंदाज असा, की कोंबडी इथे कोंबड्याचं वीर्य साठवून ठेवत असावी. अंदाज चुकला, पण नाव राहिलं: बर्सा ऑफ फाब्रिसियस, म्हणजे फाब्रिसियसची थैली. पुढची तीनशेहून जास्त वर्षं ही थैली पुस्तकात होती, आकृतीत होती, आणि काम काय तर कोणालाच ठाऊक नव्हतं.

ओहायोतलं प्रॅक्टिकल

आता १९५२ च्या आसपास या. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी, कुक्कुटपालनाचा विभाग. वैद्यकीय कॉलेज नव्हे, हे लक्षात ठेवा. तिथे ब्रूस ग्लिक नावाचा एक मुलगा पीएच.डी. करत होता. त्याचे प्राध्यापक एक हंस कापून दाखवत होते. ग्लिकला ही थैली दिसली. त्याने विचारलं, हे काय आहे? प्राध्यापक म्हणाले, बर्सा. मग त्याने पुढचा प्रश्न विचारला, याचं काम काय? प्राध्यापकांनी उत्तर दिलं ते साधारण असं, की प्रश्न चांगला आहे, तूच शोधून काढ.

बघा, हे वाक्य किती वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणता येतं. कधी ते विद्यार्थ्याला वाटेला लावण्यासाठी म्हणतात, कधी खरंच म्हणतात. ग्लिकने ते खरं धरलं.

त्याने आधी पिशवीची वाढ मोजली. त्याला आढळलं की पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ती झपाट्याने वाढते. ऐन भरात ती साधारण सुपारीएवढी होते, आणि कोंबडी वयात आली की आक्रसून जाते. मग त्याने लहान पिल्लांमधून ती कापून काढली आणि वाट पाहिली. काय झालं? काहीच नाही. पिल्लं वाढली, खात होती, पीत होती. ज्या प्रयोगातून काहीच निघत नाही त्या प्रयोगातल्या कोंबड्यांचं काय करायचं? त्या आपल्या शेडमध्ये पडून.

इथे दुसरा विद्यार्थी येतो, टिमोथी चँग. त्याच्याकडे वर्गाला प्रॅक्टिकल दाखवायचं काम होतं. साधं प्रॅक्टिकल: कोंबड्यांना साल्मोनेला जंतूचा अंश टोचायचा, काही दिवसांनी रक्त काढायचं, आणि त्या रक्तात जंतूविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं तयार झाली आहेत हे वर्गाला दाखवायचं. चँगला कोंबड्या कमी पडत होत्या. ग्लिकने आपल्या शेडमधल्या दिल्या. प्रॅक्टिकल फसलं. काही कोंबड्या मेल्या, आणि ज्या जगल्या त्यातल्या काहींच्या रक्तात प्रतिपिंडं नव्हतीच.

आता इथे काय होऊ शकलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. आपण सगळ्यांनी कॉलेजात प्रॅक्टिकलं केली आहेत. उत्तर आलं नाही तर शेजारच्याच्या जर्नलमधून उतरवायचं, किंवा सॅम्पल खराब होतं म्हणायचं आणि पुढच्या आठवड्यात नव्याने करायचं. या दोघांनी कोंबड्यांच्या पंखांना लावलेले बिल्ले पाहिले आणि नंबर वहीशी ताडले. प्रतिपिंडं नसलेल्या कोंबड्या त्याच, ज्यांची बर्सा काढून टाकली होती!

मग त्यांनी मुद्दाम, नीट प्रयोग केले. बर्सा शाबूत असलेल्या कोंबड्यांपैकी बहुतेकींमध्ये प्रतिपिंडं तयार झाली, काढलेल्यांपैकी बहुतेकींमध्ये झाली नाहीत. निबंध लिहिला आणि 'सायन्स' या नामांकित नियतकालिकाकडे पाठवला. तो परत आला. हे घडतं कसं ते आधी उलगडून दाखवा, मग छापू, असा सूर होता. शेवटी १९५६ साली तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये छापून आला. लेखक तीन: ग्लिक, चँग आणि जाप. पानं दोन. माणसांचे डॉक्टर 'पोल्ट्री सायन्स' कशाला वाचतील? तीनचार वर्षं या निबंधाकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या काही संशोधकांनी तो वाचला, पुढचे प्रयोग केले, आणि तिथून तो वैद्यकातल्या लोकांपर्यंत पोचला.

दोन पक्ष

आता हा निबंध एवढा महत्त्वाचा का, हे कळायला त्या वेळचा वाद समजून घ्यावा लागेल. १८९० मध्ये बेहरिंग आणि किटासाटो यांनी दाखवलं होतं की रोगापासूनचं संरक्षण रक्ताच्या पाण्यातून, म्हणजे सीरममधून, एका प्राण्यातून दुसऱ्यात देता येतं. याच सुमारास मेचनिकॉफ म्हणत होता की खरं काम जंतू गिळणाऱ्या पेशी करतात. एक पक्ष पाण्याचा, एक पक्ष पेशींचा. १९०८ चं नोबेल मेचनिकॉफ आणि एर्लिक यांना विभागून दिलं गेलं, पण वाद काही विभागून मिटला नाही.

दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या लोकांना दुसऱ्याची कातडी लावून बघत होते. ती काही दिवसांत गळून पडायची. पीटर मेदावारने दाखवलं की ही शरीराची प्रतिकारशक्तीच आहे. पण कातडी नाकारण्याचं काम सीरममधून दुसऱ्या प्राण्यात देता येत नव्हतं, त्याला पेशीच द्याव्या लागत. म्हणजे दोन वेगळी कामं दिसत होती: प्रतिपिंडं बनवणं, आणि परकी पेशी स्वतः जाऊन मारणं. ही दोन्ही कामं करणारी पेशी एकच की दोन? सूक्ष्मदर्शकाखाली लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी सगळ्या सारख्याच दिसतात. गोल केंद्रक, भोवती जेमतेम कड. बघून काही ठरत नव्हतं.

आणि हा नुसता पुस्तकी प्रश्न नव्हता. १९५२ साली ऑग्डेन ब्रुटन या अमेरिकी लष्करी डॉक्टरने आठ वर्षांच्या एका मुलाची हकिगत छापली होती. या मुलाला पुन्हापुन्हा जंतुसंसर्ग व्हायचा, जिवावर बेतायचं. रक्त तपासलं तेव्हा ज्या भागात प्रतिपिंडं असतात तो गॅमा ग्लोब्युलिनचा भाग कोराच! ब्रुटनने बाहेरून गॅमा ग्लोब्युलिन टोचायला सुरुवात केली आणि मुलगा सावरला. पण गंमत अशी, की अशा मुलांचं शरीर बऱ्याच विषाणूंना मात्र ठीक तोंड द्यायचं. उलट काही मुलं अशी होती की ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडं होती, पण साधी नागीण उठली तरी ती आवरायची नाही. एकच पेशी सगळं करत असेल, तर हे असं अर्धं अर्धं कसं बिघडतं?

मिनेसोटा

आता आपण मुख्य ठिकाणी आलो. मिनेसोटा विद्यापीठ, मिनिआपोलिस. रॉबर्ट गुड. जन्म १९२२, मिनेसोटातल्याच एका छोट्या गावातला. विद्यार्थी असताना पोलिओसारख्या आजाराने त्याचे पाय गेले, मग बरेच सावरले, पण तो पुढे कायम लंगडत चालायचा. एम.डी. आणि पीएच.डी. दोन्ही त्याने त्याच विद्यापीठात केलं, १९४७ मध्ये, तिथे दोन्ही पदव्या एकदम घेणारा तो पहिला.

गुडची पद्धत अशी की खाट आणि प्रयोगशाळा यांच्यात भिंत ठेवायची नाही. आजारी मूल हा 'निसर्गाने केलेला प्रयोग' आहे असं तो म्हणायचा. शब्द जरा निष्ठुर वाटतो, पण अर्थ असा, की या मुलात काय कमी आहे ते नीट पाहिलं तर ती गोष्ट एरवी काय काम करते हे कळेल, आणि मग त्या मुलासाठी काही करता येईल. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्याकडे एक रुग्ण आला. छातीत थायमस या ग्रंथीची गाठ, आणि रक्तात गॅमा ग्लोब्युलिन अगदी कमी. थायमस म्हणजे छातीच्या हाडामागची, लहानपणी मोठी असणारी आणि पुढे आक्रसणारी ग्रंथी. गुडला वाटलं, यांचा काहीतरी संबंध आहे. त्याच्या लोकांनी सशांमधून थायमस काढून पाहिला. काहीच झालं नाही. का? तर ससे मोठे होते. ग्लिकचं पिल्लू लहान होतं, गुडचा ससा मोठा होता, फरक एवढाच.

हा फरक लंडनमध्ये उघड झाला. जॅक मिलर नावाचा ऑस्ट्रेलियातून आलेला तरुण तिथे पीएच.डी. करत होता, विषय उंदरांमधला रक्ताचा कॅन्सर. त्यासाठी त्याने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांचे थायमस काढले. तांदळाएवढी ग्रंथी, नाजूक काम. ते उंदीर काही आठवड्यांनी खंगून मरायला लागले. त्यांच्या अंगात लिम्फोसाइट कमी होत्या, आणि दुसऱ्या जातीच्या उंदराची कातडी लावली तर ती गळत नव्हती, उलट छान रुजत होती, वर केसही येत होते. १९६१ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. त्यावर विश्वास बसायला वेळ लागला. खुद्द मेदावारसारखा माणूस त्यानंतरही म्हणत होता की थायमसमध्ये लिम्फोसाइट असणं हा उत्क्रांतीतला एक अपघात असावा. मोठी माणसंही चुकतात, आणि मेदावार आपल्या गोष्टीत पुढे पुन्हा येणार आहे.

म्हणजे १९६२ पर्यंत काय झालं? कोंबडीत बर्सा काढली तर प्रतिपिंडं जातात. उंदरात थायमस काढला तर कातडी नाकारणं जातं. मेलबर्नमध्ये वॉर्नर आणि झेनबर्ग यांनी कोंबड्यांवरच काम करून सुचवलं की ही दोन वेगळी खाती असावीत. पण प्रयोगांचे निकाल स्वच्छ येत नव्हते. कधी बर्सा काढूनही थोडी प्रतिपिंडं दिसत, कधी थायमस काढूनही कातडी गळून पडे.

१९६३ मध्ये मॅक्स कूपर गुडकडे आला. वय तीस. मिसिसिपीतल्या एका छोट्या गावात वाढलेला, बालरोगतज्ज्ञ. त्याच्या डोक्यात ती मुलं होती, अर्धी अर्धी बिघडलेली. त्याला सुचलं ते साधं होतं. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तोवर काही पेशी बर्सातून आणि थायमसमधून निघून अंगभर पसरलेल्या असणार. घराचा कारखाना बंद केला तरी आधी बाहेर पडलेला माल बाजारात आहेच ना? मग तो मालही नष्ट करायला हवा. म्हणून त्याने नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांचा एक अवयव काढला, आणि वर क्ष-किरणांचा मारा केला.

आता निकाल स्वच्छ आले. बर्सा काढून किरण दिलेल्या कोंबड्यांत प्रतिपिंडं नाहीत, ती बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी नाहीत. पण रक्तात लिम्फोसाइट आहेत आणि परकी कातडी त्या व्यवस्थित नाकारतात. थायमस काढलेल्या कोंबड्यांत लिम्फोसाइट रोडावलेल्या, कातडी नाकारायची ताकद कमी. दोन अवयव, दोन घराणी. कूपर, पीटरसन आणि गुड यांचा निबंध १९६५ मध्ये 'नेचर'मध्ये आला.

त्याच वर्षी फिलाडेल्फियात बालरोग संशोधकांच्या सभेत हे काम मांडलं गेलं. कोंबडीत दिसतं ते माणसात कुठे आहे, हा प्रश्न होताच. तेव्हा अँजेलो डिजॉर्ज नावाचा तिथलाच डॉक्टर चर्चेत बोलायला उठला आणि त्याने आपल्या पाहण्यातल्या अशा बाळांबद्दल सांगितलं, ज्यांना जन्मतः थायमसच नव्हता. म्हणजे ब्रुटनचा मुलगा बर्सा काढलेल्या कोंबडीसारखा, डिजॉर्जची बाळं थायमस काढलेल्या कोंबडीसारखी. चित्र पुरं झालं.

पुढे मिलर मेलबर्नला गेला. तिथे त्याने ग्रॅहम मिचेल या आपल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याबरोबर १९६८ मध्ये दाखवलं की उंदरात थायमसमधून आलेल्या पेशी आणि अस्थिमज्जेतून आलेल्या पेशी एकमेकींना मदत करतात. प्रतिपिंडं बनवणारी पेशी मज्जेतली, पण थायमसवाली सोबत नसेल तर तिला काम जमत नाही. कोलोरॅडोमध्ये क्लेमननेही असंच काही दोन वर्षं आधी पाहिलं होतं. १९६९ मध्ये लंडनच्या आयव्हन रॉइट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी छोटी नावं सुचवली. थायमसवरून 'टी', बर्सावरून 'बी'. टी पेशी आणि बी पेशी. कोविडच्या दिवसांत टीव्हीवर रोज ऐकत होतात ती हीच नावं. त्यातलं 'बी' हे अक्षर ओहायोतल्या कोंबड्यांच्या शेडमधून आलेलं आहे.

आणि १९६८ मध्येच मिनेसोटात गुडच्या गटाने या ज्ञानाचा माणसासाठी वापर केला. पाच महिन्यांचा एक मुलगा. टी आणि बी दोन्ही बाजू निकामी. त्याच्या कुटुंबात आधी अनेक मुलगे असेच बाळपणी गेले होते. गुडने त्याच्या बहिणीची अस्थिमज्जा त्याला दिली. मध्ये गुंतागुंत झाली, पुन्हा एकदा मज्जा द्यावी लागली. पण मूल जगलं आणि मोठं झालं. अशा आजारात यशस्वी झालेलं हे पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट मानतात.

रंगवलेला उंदीर

इथे थांबलो तर गोष्ट छान गोड होईल. पण इतिहास सांगायचा तर पुढचं पान उलटायलाच हवं.

गुड आता मोठा माणूस झाला होता. १९७३ मध्ये तो न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग या कॅन्सर संशोधन संस्थेचा प्रमुख झाला. त्याच वर्षी 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. त्याच्याबरोबर मिनेसोटातून बरेच लोक गेले. त्यात विल्यम समरलिन नावाचा एक त्वचारोगतज्ज्ञ होता. त्याचा दावा असा: कातडी काही आठवडे पोषक द्रवात ठेवली की ती परकी राहत नाही, मग ती कोणालाही लावा, शरीर नाकारणार नाही. खरं असतं तर केवढी मोठी गोष्ट! वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. पण इतर कोणालाही ते जमेना. लंडनमध्ये मेदावारच्या प्रयोगशाळेत जमलं नाही, गुडच्याच संस्थेतल्या सहकाऱ्याला जमलं नाही.

२६ मार्च १९७४ ची सकाळ. समरलिन गुडला भेटायला निघाला होता, पांढऱ्या उंदरांवर काळ्या उंदराची कातडी रुजलेली दाखवायला. जाताना त्याने दोन उंदरांवरचे ठिपके फेल्ट-टिप पेनने काळे केले. गुडच्या लक्षात आलं नाही. उंदीर परत पिंजऱ्यात ठेवताना प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला तो रंग खटकला. त्याने अल्कोहोलचा बोळा फिरवला. काळं निघून आलं. त्याच दिवशी समरलिनला कामावरून बाजूला केलं गेलं. चौकशी समितीने त्याच्यावर ठपका ठेवला, आणि गुडवरही थोडा ठेवला: दावे पुरते तपासण्याआधीच जगापुढे आणण्याची घाई केली, आणि हाताखालच्या माणसाकडे पुरेसं लक्ष दिलं नाही.

आणि मेदावार? तो त्या संस्थेच्या सल्लागार मंडळात होता. त्याला याआधी एक ससा दाखवला होता, ज्याच्या डोळ्यांवर माणसाचं पारपटल बसवलंय असं सांगितलं गेलं. मेदावारने आयुष्य अशा कलमांवर घालवलेलं. त्याला दिसत होतं की या डोळ्याला कोणी हातही लावलेला नाही. पण तो गप्प बसला. पुढे १९७६ मध्ये त्याने स्वतःच लिहून टाकलं, की हे थोतांड आहे असं तिथे उठून म्हणायचं धैर्य मला झालं नाही.

मला या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. ओहायोत दोन विद्यार्थ्यांना नको तो निकाल मिळाला आणि त्यांनी बिल्ले तपासले. न्यूयॉर्कमध्ये एका डॉक्टरला हवा तो निकाल मिळाला नाही आणि त्याने पेन उचललं. गुड दोन्हीकडे सारखाच होता, हे लक्षात घ्या. तरुण माणसाला मोकळं सोडायचं, त्याच्या कल्पनेवर विश्वास ठेवायचा, हा त्याचा स्वभाव. त्यातूनच कूपर घडला. पण मिनेसोटात तो मुलांच्या वॉर्डात आणि प्रयोगशाळेत रोज असायचा, प्रयोग झाला की वाद घालायला समोर असायचा. न्यूयॉर्कमध्ये तो एका अवाढव्य संस्थेचा कारभारी होता. विश्वास तेवढाच राहिला, सहवास कमी झाला. शिकवणं हे अशा सहवासातून होतं, असं मला वाटतं. नुसतं 'जा, शोधून काढ' म्हणून भागत नाही, संध्याकाळी 'काय सापडलं, वही दाखव' हेही विचारावं लागतं.

आता शेवटी जरा घराजवळ येऊ. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात पहिल्या स्वदेशी कार-टी उपचाराला मान्यता मिळाली. आयआयटी मुंबईतले डॉ. राहुल पुरवार, त्यांचे विद्यार्थी आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांचं हे काम. यात करतात काय? रुग्णाच्या टी पेशी काढायच्या, त्यांना बी पेशींवरची एक खूण ओळखायला लावायची आणि परत सोडायच्या. रुग्णाचा कॅन्सर बी पेशींचा असतो. टी पेशी त्यांना शोधून मारतात. टी आणि बी वेगळ्या आहेत हे कळलंच नसतं, तर ही कल्पनाच सुचली नसती. यात कधीकधी चांगल्या बी पेशीही मरतात, प्रतिपिंडं उरत नाहीत, आणि मग रुग्णाला बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं. ब्रुटनने १९५२ मध्ये त्या आठ वर्षांच्या मुलाला दिलं, तेच.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्नोत्तरे

*माणसाला बर्सा असते का? नसेल तर बी पेशी कुठे तयार होतात?*

नसते. हा प्रश्न कूपरलाही पडला होता. सुरुवातीला त्यांना वाटलं की आतड्यातल्या लसिकाग्रंथी, अपेंडिक्स, यांपैकी काहीतरी माणसाची बर्सा असेल. बरीच वर्षं त्यात गेली आणि तो अंदाज चुकला. १९७४ मध्ये कूपरने लंडनमध्ये ओवेन आणि रॅफ यांच्याबरोबर दाखवलं की सस्तन प्राण्यांत बी पेशी आधी गर्भाच्या यकृतात आणि मग अस्थिमज्जेत तयार होतात. मज्जेला इंग्रजीत बोन मॅरो म्हणतात, त्यामुळे 'बी' अक्षर बदलावं लागलं नाही, हे नशीब.

*मोठेपणी थायमस काढला तर चालतो, असं तुमच्या बोलण्यावरून वाटलं. खरंच चालतो का?*

बरं झालं विचारलंत. गुडच्या मोठ्या सशांना काही झालं नाही, म्हणून बरीच वर्षं असंच मानत होते. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये थायमस मध्ये येतो म्हणून काढूनही टाकतात. पण २०२३ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात थायमस काढलेल्या प्रौढांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं आणि कॅन्सरचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे तो मोठेपणीही अगदीच निकामी नसावा. अर्थात गाठ असेल, गरज असेल, तर डॉक्टर काढतातच, त्यात घाबरून जायचं कारण नाही.

*ग्लिक आणि चँग यांना नोबेल मिळालं का?*

नाही. टी आणि बी पेशींच्या या मूळ शोधाला नोबेल मिळालेलं नाही. मिलर आणि कूपर यांना २०१९ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, तो वैद्यकातला फार मानाचा पुरस्कार आहे. तोवर ग्लिक जाऊन दहा वर्षं झाली होती. तो शेवटपर्यंत कुक्कुटशास्त्राचाच प्राध्यापक राहिला. पण परवा तुमच्या गावातल्या पोल्ट्रीत गंबोरोची लस दिली जात असेल, तर ती पिशवी वाचवायला एवढी धडपड का करायची, हे आपल्याला त्याच्या त्या दोन पानांमुळे माहीत आहे.